लॅपटॉप वारंवार बंद पडणे आणि सदोष रॅम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप चालता चालता निळ्या पडद्यावर जातो, आपोआप रीस्टार्ट होतो किंवा जागच्या जागी हँग होतो, तेव्हा दुकानात पहिला सल्ला बहुधा ‘फॉरमॅट मारून बघू’ असाच मिळतो. दोष रॅममध्ये, म्हणजे चालू कामाचा डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीत, असेल तर त्याने काहीच साधत नाही. उलट सदोष रॅमवरून नव्याने टाकलेली विंडोजही बिघडलेल्या अवस्थेत बसू शकते. म्हणून पुढील उत्तरांत क्रम एकच ठेवला आहे : आधी डेटा, मग चाचणी, मग एका वेळी एकच बदल आणि खरेदी सर्वांत शेवटी.

दोष रॅमचाच आहे, हे कोणत्या लक्षणांवरून ओळखावे?

खात्रीचे असे एकच लक्षण नाही, परंतु सदोष रॅमचा एक स्वभाव आहे आणि तो म्हणजे अनियमितपणा. आज ब्राउझरचा टॅब कोसळतो, उद्या वर्ड बंद पडते, परवा काहीही उघडलेले नसताना निळा पडदा येतो. याचे कारण असे की ऑपरेटिंग सिस्टिम रॅममधील जागेचे वाटप सतत नव्याने करत असते. रॅममधला एखादाच कप्पा खराब असेल, तर तो कधी छायाचित्रातील एका ठिपक्याच्या वाट्याला येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कधी एखाद्या प्रोग्रॅमच्या वाट्याला येतो आणि तेवढा प्रोग्रॅम बंद पडतो, तर कधी थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या वाट्याला येतो आणि सगळा लॅपटॉपच कोसळतो.

याउलट, दर वेळी ठरावीक प्रोग्रॅम उघडल्यावरच बिघाड होत असेल तर आधी त्या प्रोग्रॅमवर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या सहायक प्रोग्रॅमवर) संशय घ्यावा. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावर काही वेळाने, पंखा जोरात फिरू लागल्यावर आणि निळा पडदा न येता लॅपटॉप एकदम विझत असेल, तर उष्णता, बॅटरी किंवा चार्जर यांच्याकडे पाहावे. माउसचा बाण हलतो आहे पण फोल्डर उघडत नाही, सेव्ह करताना सगळे अडकून राहते, अशा वेळी बहुतेकदा एसएसडी किंवा हार्ड डिस्क दगा देत असते.

रॅमवरचा संशय पक्का करणाऱ्या दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एकच झिप फाइल एकदा ‘करप्ट’ म्हणून उघडत नाही आणि दहा मिनिटांनी व्यवस्थित उघडते. किंवा विंडोज इन्स्टॉल करताना दर वेळी वेगवेगळ्या टक्क्यांवर त्रुटी येते. डिस्कवरची फाइल आपणहून बिघडून पुन्हा आपणहून सुधारत नाही. ती वाचून जिथे ठेवली जाते ती जागा मात्र कधी चांगली, कधी वाईट असू शकते.

निळ्या पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे लिहून येते. याचा अर्थ रॅम खराब आहे असाच होतो का?

तसा थेट अर्थ होत नाही. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ‘पीएफएन लिस्ट करप्ट’, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हे स्टॉप कोड (निळ्या पडद्यावरील त्रुटींची नावे) सदोष रॅममुळे येतात हे खरे, पण सदोष ड्रायव्हरमुळेही तेच येतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरातील, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी कोसळले. विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामे ठप्प झाली. त्या पडद्यांवर ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ हाच कोड होता आणि त्या ८५ लाख संगणकांच्या रॅमचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

म्हणून एका कोडपेक्षा चार-पाच कोडांची मालिका अधिक बोलकी असते. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर उघडला की कोणत्या तारखेला काय कोसळले ते ओळीने दिसते. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर तो ड्रायव्हर काढून किंवा बदलून पाहावा. कोडही वेगळे, ड्रायव्हरही वेगळे, वेळही वेगळी, असा सावळागोंधळ असेल तर मात्र हार्डवेअरकडे, आणि त्यातही आधी रॅमकडे वळावे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दिसणाऱ्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीने अनेकजण घाबरतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी लॅपटॉप रीतसर बंद झाला नव्हता. का झाला नव्हता हे ती सांगत नाही.

विंडोज ११च्या २०२५ मधील अपडेटनंतर हा पडदा निळ्याऐवजी काळा दिसतो. रंग बदलला तरी कोड तेच आहेत.

रॅम कमी पडणे आणि रॅम खराब असणे यांत फरक काय?

मोठा फरक आहे आणि तो न ओळखल्यामुळे पुष्कळ पैसे वाया जातात. रॅम कमी पडली की लॅपटॉप संथ होतो, टॅब पुन्हा पुन्हा लोड होतात, डिस्क सतत व्यग्र राहते. पण विंडोज सहसा कोसळत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर वाढीव रॅमचा विचार करावा. वापर ४० टक्के असतानाही पडदा निळा होत असेल, तर जुन्या स्टिकशेजारी (रॅमच्या पट्टीशेजारी) नवी स्टिक लावून आजार जाणार नाही, कारण खराब स्टिक आतच राहील.

चाचणी करण्याआधी डेटाचे काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून थोडे सविस्तर देतो. लॅपटॉप कोसळणे हा सदोष रॅमचा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम होय. त्याहून वाईट परिणाम म्हणजे लॅपटॉप कोसळत नाही, फाइल सेव्ह होते आणि सेव्ह झालेली फाइल चुकीची असते.

८ जीबी रॅममध्ये सुमारे ६,८७२ कोटी बिट, म्हणजे शून्य किंवा एक साठवणाऱ्या जागा, असतात. त्यांतला एकच बिट शून्याचा एक झाला तर काय होते, हे देवनागरीत पाहता येते. युनिकोडमध्ये ‘क’ आणि ‘ग’ या दोन अक्षरांच्या क्रमांकांत फक्त एका बिटचे अंतर आहे, म्हणजे तो बिट उलटला की ‘काय’ची ‘गाय’ होते. हे वाचून हसू येईल. पण ‘१’ आणि ‘९’ या आकड्यांमध्येही एकाच बिटचा फरक आहे, आणि मजकुरातील १,००० रुपयांचे ९,००० रुपये झाले तर ती चूक कोणतेही शुद्धलेखन तपासणारे साधन दाखवणार नाही. झिप फाइल, फोटो किंवा टॅलीचा डेटा यांच्या बाबतीत तर एका बिटने अख्खी फाइल उघडेनाशी होऊ शकते.

तेव्हा संशय आल्यावर त्या लॅपटॉपवर नवे काम थांबवावे. विशेषतः विंडोज अपडेट, डिफ्रॅग, डिस्क दुरुस्त करणारे ‘चेक डिस्क’ आणि फॉरमॅट या चार गोष्टी लांब ठेवाव्यात, कारण त्या डिस्कवरील चांगला डेटा उचलून रॅममधून फिरवतात आणि पुन्हा डिस्कवर लिहितात. शक्य असेल तर एसएसडी काढून, यूएसबीने जोडता येणाऱ्या केसमध्ये घालून, दुसऱ्या संगणकावरून बॅकअप घ्यावा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) असेल तर दुसऱ्या संगणकावर ती उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यावर सापडते. जुना बॅकअप असेल तर त्यावर नवा बॅकअप चढवू नये, वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावा. खराब रॅमने बिघडवलेल्या फाइली चांगल्या प्रतींवर कॉपी करून दोन्ही गमावल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या कामात नेहमी दिसतात.

विंडोजमधील रॅमची चाचणी कशी चालवावी?

स्टार्ट मेनूमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून ‘रीस्टार्ट नाऊ’ निवडावे. लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन निळ्या पार्श्वभूमीवर चाचणी आपोआप चालू होते. त्या वेळी एफ१ दाबल्यास बेसिक, स्टँडर्ड आणि एक्स्टेंडेड असे तीन पर्याय दिसतात. आपोआप चालते ती स्टँडर्ड चाचणी. एक्स्टेंडेडला कित्येक तास लागू शकतात, पण संशय असेल तर तीच निवडावी आणि रात्रभर चालू द्यावी. चार्जर लावलेला असावा, हे वेगळे सांगायला नको.

निकाल विंडोज सुरू झाल्यावर सूचनेत दिसतो, पण ती सूचना अनेकदा नजरेतून निसटते. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखालील ‘सिस्टिम’ या यादीत ‘मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स’ या नावाची नोंद शोधावी.

त्या चाचणीत काहीही दोष निघाला नाही, तरी लॅपटॉप बंद पडतोच आहे. मग रॅम निर्दोष समजावी का?

नाही. रॅमच्या चाचणीबाबत एक नियम पक्का धरावा : चाचणीत चूक सापडली तर दोष सिद्ध होतो, चूक सापडली नाही तर काहीच सिद्ध होत नाही, संशय फक्त कमी होतो. काही कप्पे ठरावीक तापमानालाच चुकतात, काही शेजारच्या कप्प्यांत विशिष्ट आकृतिबंध लिहिला गेला तरच चुकतात. विंडोजची चाचणी उपयुक्त आहे, पण माझ्या मते ती पहिली चाळणी म्हणूनच वापरावी.

दुसरी चाळणी म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारी मेमटेस्ट. या नावाची दोन साधने आहेत आणि त्यांत गल्लत होते. पासमार्क कंपनीचे ‘मेमटेस्ट८६’ हे एक. त्याच्या मोफत आवृत्तीत चाचणीच्या चार फेऱ्या होतात. दुसरे ‘मेमटेस्ट८६ प्लस’. ते मुक्त स्रोत आहे, बरीच वर्षे मागे पडले होते, पण २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते नव्याने लिहिले गेले आणि आजच्या युईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेल्या लॅपटॉपांवर चालते. दोन्हींपैकी कोणतेही चालेल. पेनड्राइव्हवर ते टाकताना त्यावरील जुना डेटा पुसला जातो, हे विसरू नये.

येथे एक खड्डा आहे. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, बंद करावे लागले, तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यावरून कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच बायोसला हात लावावा. चाचणी संपल्यावर सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे.

किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. पहिली फेरी निर्दोष गेली म्हणून थांबू नये, कारण तोवर रॅम पुरेशी तापलेलीही नसते.

मेमटेस्टमध्ये लाल ओळी आल्या. त्यांचा अर्थ कसा लावावा आणि किती चुका चालतात?

एकही चालत नाही. चांगल्या रॅममध्ये चुकांची संख्या शून्य असते. एक चूक आली काय आणि हजार आल्या काय, निर्णय तोच.

मात्र ओळींच्या तपशिलावरून दोषाचे स्वरूप कळते. प्रत्येक ओळीत रॅममधला पत्ता, तिथे लिहिलेले मूल्य आणि परत वाचलेले मूल्य दिलेले असते. दोन मूल्ये शेजारी ठेवून पाहिली तर बहुतेकदा सगळे अंक जुळतात आणि एकाच जागी फरक दिसतो. दर फेरीला तोच पत्ता आणि तोच फरक आला, तर स्टिकवरील त्या चिपमधला तो कप्पा कायमचा निकामी झाला आहे. पत्ते सर्वत्र विखुरलेले असतील आणि दर वेळी बदलत असतील, तर स्टिक नीट न बसणे, स्लॉटमधील मळ, वेगाची चुकीची सेटिंग किंवा क्वचित प्रोसेसर अथवा मदरबोर्ड यांचाही विचार करावा. अशा वेळी स्टिक फेकण्याआधी ती काढून, साफ करून, पुन्हा बसवून चाचणी घ्यावी.

पासमार्कच्या मेमटेस्टमधील १३ क्रमांकाची ‘हॅमर’ चाचणी ही थोडी वेगळी आहे. ती रॅममधील एकाच ओळीवर अतिवेगाने आघात करून शेजारच्या ओळीतले बिट उलटतात का हे पाहते. बाकी सर्व चाचण्या निर्दोष आणि फक्त १३व्या चाचणीत चुका, अशी स्थिती असेल, तर रोजच्या कोसळण्याचे कारण ते असेलच असे नाही आणि तपास पुढे चालू ठेवावा.

स्टिक आपली आपण काढता येईल का?

ज्या लॅपटॉपमध्ये स्लॉट आहेत त्यात येईल. पण आधी स्लॉट आहेत की नाहीत ते पाहावे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यातील मेमरी या भागात ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ असते. तिथे ‘एसओडिम’ लिहिले असेल तर रॅम काढता येण्याजोगी असते. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिले असेल तर ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. वॉरंटी चालू असेल तर मागील झाकण उघडल्याने ती रद्द होते का, हेही कंपनीच्या अटींत वाचून घ्यावे.

लॅपटॉप शटडाउन करून चार्जर काढावा. बायोसमध्ये अंतर्गत बॅटरी तात्पुरती बंद करण्याचा पर्याय असेल तर तो वापरावा, नसेल तर झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा आणि पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो. हाताला लोकरी किंवा नायलॉनचे कपडे लागू देऊ नयेत; काम सुरू करण्याआधी एखाद्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

स्टिकच्या दोन्ही बाजूंना धातूच्या लहान पकडी असतात. त्या बाहेरच्या दिशेने हळूच दाबल्या की स्टिक आपोआप तिरकी वर उचलली जाते. ती कडांनी धरून त्याच तिरकस कोनात बाहेर ओढावी. सोनेरी संपर्कपट्ट्यांना बोट लावू नये. बसवताना खाच जुळवून, तिरकी धरून, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सरकवावी आणि मग खाली दाबावी. दोन्ही पकडींचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एकाच बाजूने आवाज आला तर स्टिक बसलेली नाही.

स्टिक काढून पुन्हा बसवली की लॅपटॉप काही दिवस चालतो आणि मग पुन्हा तोच त्रास होतो. असे का?

बहुधा संपर्कपट्ट्यांवर मळ किंवा ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो. स्टिक काढताना-घालताना तो थोडा घासला जातो आणि तेवढ्यापुरता संपर्क सुधारतो. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेतील ओलावा आणि किनाऱ्याजवळचा खारेपणा यांमुळे हा त्रास अधिक जाणवतो. बंद कपाटात महिनोन्महिने ठेवलेला लॅपटॉप जून-जुलैत सुरूच होत नाही, याचेही ते एक कारण असते.

दुरुस्तीच्या दुकानात संपर्कपट्ट्यांवर सर्रास खोडरबर फिरवतात. त्याने काम होते, हे नाकारता येणार नाही, परंतु खोडरबर खरखरीत असेल तर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवेच दुखणे सुरू होते. त्यापेक्षा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लिंट न सुटणाऱ्या कापडाला लावून पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच स्टिक बसवावी. स्लॉटमध्ये ब्लोअरची किंवा कॅनमधील हवा मारावी, तोंडाने फुंकर मारू नये. तोंडाच्या वाफेतला ओलावाच तर आपल्याला टाळायचा आहे.

दोन स्टिक आणि दोन स्लॉट आहेत. नेमका दोष कुठे आहे हे कसे शोधावे?

पहिली स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये एकटीच लावून चाचणी घ्यावी. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी स्टिक त्याच क्रमाने. चार निकाल कागदावर लिहावेत. चुका स्टिकच्या मागोमाग फिरत असतील तर स्टिक खराब. स्टिक कोणतीही असो, चुका एकाच स्लॉटमध्ये येत असतील तर स्लॉट किंवा मदरबोर्ड खराब. चारही वेळा निकाल निर्दोष आणि दोन्ही स्टिक एकत्र लावल्यावरच चुका, असे झाले तर त्या दोन स्टिक एकमेकींशी जुळत नाहीत.

हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला एखादा दिवस जातो. पण दोन्ही स्टिक एकदम बदलून, सोबत बायोस अपडेट करून आणि विंडोजही नव्याने टाकून लॅपटॉप चालू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि चांगली स्टिक भंगारात जाते.

नवी रॅम टाकली आणि त्या दिवसापासूनच लॅपटॉप बंद पडू लागला. काय चुकले असेल?

रॅमची पिढी चुकण्याची शक्यता कमी, कारण डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात आणि चुकीची स्टिक बसतच नाही. अपवाद जुन्या लॅपटॉपांचा आहे. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते, पण दोन्हींची खाच सारखीच असते. १.३५ व्होल्टच देणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ स्टिक बसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही किंवा मध्येच कोसळतो.

वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक लावल्या तर सामान्यतः दोन्ही कमी वेगावर चालतात. त्याने लॅपटॉप बंद पडण्याचे कारण नाही, पण काही जोड्या जुळत नाहीत हेही खरे. गेमिंग लॅपटॉपमध्ये एक्सएमपी प्रोफाइल (रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून नेहमीच्या वेगावर चाचणी घ्यावी. डीडीआर५ बाबत एक सूचना : नवी स्टिक लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना लॅपटॉप रॅमची वेळजुळणी करतो आणि तोवर पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. घाबरून मध्येच पॉवर बटण दाबू नये.

लॅपटॉप सुरूच होत नाही. फक्त बीप वाजतात किंवा दिवा लुकलुकतो. हे रॅममुळे असू शकते का?

असू शकते. रॅम मिळाली नाही तर लॅपटॉपला पडद्यावर काही दाखवताच येत नाही, म्हणून तो दिव्याने किंवा आवाजाने सांगतो. त्याचा अर्थ कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलतो; बऱ्याच डेल लॅपटॉपांत दोन वेळा पिवळसर आणि तीन वेळा पांढरा दिवा लागला तर रॅम सापडत नाही असा, आणि दोन पिवळसर, चार पांढरे असा क्रम असेल तर रॅम नादुरुस्त आहे असा अर्थ होतो. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ही सारणी पाहावी.

लॅपटॉप सुरू होत असेल पण विंडोजपर्यंत पोहोचत नसेल, तर कंपनीने बायोससोबत दिलेली चाचणी वापरता येते. सुरू करताना डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडावे, एचपीमध्ये एफ२ दाबावे. सेवा केंद्र विंडोजच्या चाचणीपेक्षा याच चाचणीतील त्रुटी क्रमांक मागते, म्हणून त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. आता काय?

पातळ लॅपटॉपांत आता हीच पद्धत रूढ आहे. ॲपलच्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये २०१२ पासून रॅम बदलता येत नाही. वॉरंटी असेल तर प्रश्नच नाही, कंपनी मदरबोर्ड बदलून देते. वॉरंटी संपली असेल तर दोन मार्ग उरतात : अख्खा मदरबोर्ड बदलणे, किंवा चिप पातळीवर काम करणाऱ्या कारागिराकडून खराब चिप काढून दुसरी बसवून घेणे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात असे काम करणारे सापडतात. त्यांना आधी विचारावे, की चिप बदलल्यावर चार फेऱ्यांची मेमटेस्ट समोर दाखवणार का. ‘लॅपटॉप चालू झाला’ एवढ्यावर पैसे देऊ नयेत.

काही लॅपटॉपांत थोडी रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो. तिथे स्लॉटमधील स्टिक काढून चाचणी घेतली की दोष कोणत्या भागात आहे ते लगेच कळते. स्टिक खराब निघाली तर निभावले.

मॅकसाठी ॲपल डायग्नोस्टिक्स आहे. इंटेल मॅक सुरू करताना ‘डी’ दाबून धरावे. ॲपल सिलिकॉन (ॲपलची स्वतःची चिप असलेल्या) मॅकवर पॉवर बटण दाबून धरून पर्याय दिसल्यावर कमांड आणि ‘डी’ दाबावे. ‘पीपीएम’ने सुरू होणारा क्रमांक आला तर बोट मेमरीकडे आहे.

रॅमचा खराब भाग वगळून लॅपटॉप वापरता येतो, असे ऐकले. ते खरे आहे का?

खरे आहे. लिनक्समध्ये ग्रबच्या (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये खराब पत्ते देऊन ते वापराबाहेर ठेवता येतात आणि मेमटेस्ट८६ प्लस ते पत्ते हव्या त्या स्वरूपात लिहूनही देते. विंडोजमध्येही ‘बॅड मेमरी लिस्ट’ अशी सोय बूट सेटिंगमध्ये आहे. सोल्डर केलेल्या रॅमच्या, जुन्या आणि फक्त ब्राउझिंगसाठी ठेवलेल्या लॅपटॉपवर हा उपाय करून पाहायला हरकत नाही. मात्र खराब कप्प्यांची संख्या वाढत जाण्याची शक्यता असते, आणि बायोस व ग्राफिक्स त्या यादीला जुमानतीलच असे नाही. हिशेब, प्रबंध किंवा ग्राहकांचा डेटा ज्या लॅपटॉपवर आहे, तिथे हा उपाय करू नये.

मुळात रॅम खराब का होते? ती तर फिरत नाही, झिजत नाही.

रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये शोधली आणि आजही तीच चालू आहे. कपॅसिटरमधील भार गळत राहतो, म्हणून प्रत्येक कप्पा साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर त्याच्या निम्म्या वेळात. एखाद्या कप्प्याची गळती मूळच्याच एखाद्या सूक्ष्म दोषामुळे वाढत गेली, की तो मुदत संपण्याआधी भार गमावतो आणि एकाचा शून्य होतो. थंड लॅपटॉपमध्ये निर्दोष असलेली रॅम उन्हाळ्यात गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये चुकते, ती यामुळेच.

गूगलच्या डेटा सेंटरमधील रॅमचा अभ्यास गूगल आणि टोरोंटो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये किमान एक चूक आढळली होती, आणि या चुकांमागे अवकाशातून येणाऱ्या किरणांपेक्षा हार्डवेअरचा दोषच मुख्यतः असावा असा निष्कर्ष होता. सर्व्हरमध्ये अशी चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये ती नसते. डीडीआर५ च्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ असे दिसते, पण ती सोय चिपच्या आतपुरतीच असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेतली चूक ती पकडत नाही.

नवी स्टिक घेताना आणि जुनीची वॉरंटी मागताना काय पाहावे?

आधी जुन्या स्टिकवरील लेबलचा फोटो काढावा. क्षमता, पिढी आणि वेग त्यावर लिहिलेले असतात. नामवंत ब्रँडच्या बऱ्याच स्टिकना मर्यादित आजीवन वॉरंटी असते, त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे घेतलेली स्टिकही बदलून मिळू शकते. बिल मात्र हवे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्या असल्याने ही विचारपूस आता खरोखर परवडण्याजोगी आहे. लेबल नसलेली, ‘ओईएम आहे, स्वस्तात देतो’ म्हणून मिळणारी स्टिक घ्यायचीच असेल, तर परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि त्याच रात्री मेमटेस्ट लावावी.

विक्रेता किंवा कंपनी वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. लॅपटॉप दुसऱ्या शहरातून ऑनलाइन मागवलेला असला तरीही. मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, सेवा केंद्राचे जॉबशीट आणि बिल, हे तीन कागद जवळ असावेत.

रॅम बदलली, चाचणी निर्दोष आली, तरी अधूनमधून लॅपटॉप कोसळतो. आता कुठे पाहावे?

जुन्या रॅमने मागे ठेवलेले नुकसान आधी तपासावे. तिच्यामुळे विंडोजच्या काही फाइली चुकीच्या लिहिल्या गेल्या असतील तर त्या नवी रॅम लावून आपोआप दुरुस्त होत नाहीत. ‘सिस्टिम फाइल चेकर’ आणि त्याच्या जोडीने ‘डिझम’ ही विंडोजची साधने आता, म्हणजे रॅम निर्दोष ठरल्यावर, चालवावीत. त्यांनी भागले नाही तर विंडोज नव्याने टाकण्याची योग्य वेळ हीच. त्यानंतरही त्रास राहिला, तर एसएसडीची स्मार्ट स्थिती (डिस्क स्वतःच नोंदवते ती तिच्या प्रकृतीची माहिती), प्रोसेसरचे तापमान, बायोसची आवृत्ती आणि शेवटी मदरबोर्ड या क्रमाने तपास करावा.